कावेरीकाठचे दोन दरवाजे : जर्मन सोपी की व्हिएतनामी?

आजचा भाग पुण्यात बसून नाही, पापनाशम्‌मध्ये बसून बोलतोय. तंजावरहून कुंभकोणमकडे निघालं की वाटेत हे गाव लागतं. एकशे आठ शिवलिंगांचं देऊळ इथलं प्रसिद्ध. तिरुप्पालैत्तुरैच्या शिवमंदिरात नायककाळातलं विटांचं मोठं धान्याचं कोठार अजून उभं आहे. कर्नाटक संगीत ऐकणाऱ्यांना गावाचं नाव पापनाशम् शिवन यांच्यामुळे माहीत असतं. मला ते माहीत आहे माझ्या आत्यामुळे.

माझे वडील कुंभकोणमचे. नोकरीसाठी पुण्यात आले आणि तिथेच राहिले. आत्या मात्र लग्न होऊन शेजारच्या पापनाशम्‌ला गेली. आम्ही तंजावरी मराठी लोक. तिच्या घरी गेलो की ती दारातच विचारते, "किती वाळलास रे!" आणि पुढचं वाक्य स्वयंपाकघराकडे तोंड करून तमिळमध्ये सुरू होतं. एका श्वासात दोन भाषा. या घरात त्याचं कुणाला काही वाटत नाही.

या वेळी आत्याच्या नातवानं मला गाठलं. तिच्या मुलीचा मुलगा, मला मामा म्हणतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, वय एकवीस. त्यानं सरळ विचारलं, "मामा, तुम्ही इतकी वर्षं जर्मन शिकवता. मला सांगा, जर्मन शिकू की व्हिएतनामी?"

मी हसलो. जर्मन समजलं, पण व्हिएतनामी कुठून आली? मग त्यानं सांगितलं. व्हिनफास्ट या व्हिएतनामी कंपनीच्या विजेवरच्या गाड्यांचा कारखाना तमिळनाडूतच, तूत्तुकुडीला झालाय. २०२४ च्या फेब्रुवारीत पायाभरणी झाली, २०२५ च्या ऑगस्टमध्ये उद्घाटन. त्याचा एक मित्र तिकडे कामाच्या शोधात गेलाय. व्हिएतनामी बोलता आली तर आपला भाव वाढेल, असं दोघांच्या मनात आहे. दुसरीकडे जर्मनीला कुशल माणसं हवी आहेत, हे तर आपल्याकडेही सगळ्यांना माहीत आहे. महाराष्ट्र शासनानं २०२४ मध्येच बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी त्यासाठी करार केला.

म्हणजे प्रश्न खरा होता. त्यानं खिशातून घडी केलेला एक फॉर्म काढला. कुठल्याशा भाषावर्गाचा. त्यात एक रकाना होता : 'येणाऱ्या भाषा'. त्यानं लिहिलं होतं, तमिळ आणि इंग्रजी.

मी विचारलं, "आणि मराठी?"

तो म्हणाला, "मामा, ती घरातली. तिचा काय उपयोग? मला तर ती वाचताही येत नाही."

आत्या आतून ऐकत होती. काही बोलली नाही. भांड्यांचा आवाज तेवढा थोडा वाढला.

मंडळी, आजचा भाग त्या रकान्याबद्दल आहे. पण आधी थोडा इतिहास. कारण जर्मन आणि व्हिएतनामी या दोन्ही भाषांकडे जाणारे रस्ते या कावेरीच्या मुखापासून फार पूर्वीच निघाले आहेत.

पहिला रस्ता तरंगंबाडीचा. पापनाशम्‌हून पूर्वेला समुद्राकडे गेलं की तरंगंबाडी लागतं. जुन्या कागदांत त्याचं नाव ट्रांकेबार. १६२० मध्ये तंजावरच्या रघुनाथ नायकानं ते डॅनिश लोकांना व्यापारासाठी दिलं. पुढे ९ जुलै १७०६ रोजी तिथं बार्थोलोमेउस त्सीगेनबाल्ग नावाचा तरुण जर्मन पाद्री उतरला. राजा डेन्मार्कचा, पण पाद्री जर्मन. त्याला तमिळचं अक्षरही येत नव्हतं. त्यानं काय केलं असेल? पोरांच्या शाळेतला पंतोजी आणि पोरं आपल्याच घरी बोलावली आणि त्यांच्याबरोबर वाळूत बोटानं अक्षरं गिरवायला बसला. दहा वर्षांनी, १७१६ मध्ये, जर्मनीतल्या हाले शहरात त्याचं तमिळ व्याकरण लॅटिनमध्ये छापलं गेलं.

त्याच परंपरेतला क्रिस्टियान फ्रीड्रिख श्वार्ट्झ १७५० मध्ये आला. तमिळची सुरुवात त्यानं हालेमध्येच केली होती. पुढे तंजावर दरबाराशी संबंध आला तेव्हा फारसी, हिंदुस्तानी आणि आपली मराठीही शिकून घेतली. कारण दरबार मराठ्यांचा होता. व्यंकोजीराजे, म्हणजे शिवाजी महाराजांचे सावत्र भाऊ, १६७५ च्या सुमारास तंजावरच्या गादीवर आले आणि १८५५ पर्यंत ती गादी भोसल्यांकडे राहिली.

१७८७ मध्ये तुळजाराजांनी मृत्यूपूर्वी दहा वर्षांच्या सरफोजींना दत्तक घेतलं आणि मुलाची काळजी श्वार्ट्झवर सोपवली. मुलाचा जीवही धोक्यात होता आणि शिक्षणही. १७९३ मध्ये त्याला मद्रासला हलवावं लागलं. तिथं गेरिके या दुसऱ्या जर्मन पाद्र्यानं त्याला शिकवलं. १७९८ च्या फेब्रुवारीत श्वार्ट्झ वारला आणि त्याच वर्षी सरफोजी गादीवर आले. आपल्या गुरूसाठी त्यांनी लंडनच्या जॉन फ्लॅक्समनकडून संगमरवरी शिल्प करवून घेतलं. ते तंजावरच्या चर्चमध्ये आजही आहे : खाटेवर म्हातारा पाद्री आणि त्याचा हात धरून उभा असलेला मराठी राजा. थडग्यासाठी इंग्रजी ओळीही राजानं स्वतः रचल्या.

पुढच्याच वर्षी, १७९९ च्या तहानं, कंपनी सरकारनं राज्यकारभार काढून घेतला. राजाकडे किल्ला उरला आणि पुस्तकं उरली. त्या पुस्तकांचं त्यांनी काय केलं ते सरस्वती महालात जाऊन बघा. संस्कृत, तमिळ, मराठी, मोडी कागद आणि त्यांच्या शेजारी इंग्रजी, फ्रेंच, जर्मन, लॅटिन ग्रंथ. १८०३ मध्ये बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसल्यांचा इतिहास मराठीत कोरून घेतला. १८०६ मध्ये तंजावरच्या छापखान्यात इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' या नावानं मराठीत छापल्या. तेव्हा पुण्यात अजून पेशवाई होती आणि मराठी छापखाना दूरच होता.

दुसरा रस्ता कारैकालचा. तरंगंबाडीपासून पंधरा किलोमीटरच्या आतबाहेर. तंजावरच्या गादीच्या भांडणात मराठी राजानं या बंदराचा फ्रेंचांशी सौदा केला आणि १७३९ मध्ये ते फ्रेंचांच्या ताब्यात गेलं. सव्वाशे वर्षांनी त्याचा एक परिणाम झाला, जो त्या राजाच्या स्वप्नातही नसेल. १८५९ मध्ये फ्रेंचांनी सायगाव घेतलं आणि पुदुच्चेरी-कारैकालची तमिळ माणसं तिकडे जाऊ लागली. कारकून, पोलीस, करवसुली करणारे, दूधवाले, कापडाचे व्यापारी. पाठोपाठ चेट्टियार सावकार गेले. सायगावात त्यांनी मारियम्मनचं देऊळ बांधलं. ते आजही आहे आणि आता तिथं व्हिएतनामी बायका उदबत्ती लावतात.

म्हणजे तूत्तुकुडीचा कारखाना ही काही पहिली ओळख नाही. इकडची माणसं तिकडे जाऊन बाजारात व्हिएतनामी बोलत होती. फक्त त्यांनी व्याकरणं लिहिली नाहीत, म्हणून आपल्याला त्यांची नावं माहीत नाहीत.

व्हिएतनामी भाषेच्या लिपीचा धागा तर आपल्या गोव्यातून जातो. अलेक्झांडर द रोड्स हा फ्रान्समधल्या आविन्यों गावचा जेझुइट. तो १६१९ मध्ये गोव्यात आला आणि अडीच वर्षं राहिला. साष्टीत असताना तिथली भाषा शिकण्याची खटपट केली. याच साष्टीत तीन वर्षांपूर्वी, १६१६ मध्ये, फादर स्टीफन्सचं मराठी 'क्रिस्तपुराण' रोमन अक्षरांत छापलं गेलं होतं. पूर्वेकडची भाषा रोमन अक्षरांत बसवायची, हे काम इथले पाद्री करतच होते. रोड्स पुढे व्हिएतनामला गेला. तिथं फ्रान्सिस्कु द पिना आणि इतर पोर्तुगीज पाद्र्यांनी हेच काम आधी सुरू केलं होतं. रोड्सनं ते पुरं करून १६५१ मध्ये रोममध्ये व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन कोश छापला. आजची व्हिएतनामी लिपी त्यातूनच वाढली.

आणि तो शिकला कुणाकडून? त्यानंच लिहून ठेवलंय. पहिल्यांदा ही भाषा कानावर पडली तेव्हा त्याला पक्ष्यांची किलबिल वाटली. ही आपल्याला कधी येणार नाही, असं वाटून तो खचला. मग एका लहान मुलानं तीन आठवड्यांत त्याला सगळे सूर ओळखायला शिकवले. तरंगंबाडीचा जर्मन आणि व्हिएतनामचा फ्रेंच, दोघांचेही पहिले गुरू लहान मुलं. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

आता भाचेबुवांचा प्रश्न. सोपी कोणती?

अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याची भाषा शिकवणारी संस्था आहे. ती जर्मनसाठी ३० ते ३६ आठवडे धरते आणि व्हिएतनामीसाठी ४४. हा आकडा इंटरनेटवर सगळीकडे फिरतो आणि आपली मुलं तो वाचून घाबरतात. पण तो हिशेब इंग्रजी मातृभाषा असलेल्यांचा आहे. तुमच्या घरात काय बोलतात, हे त्या संस्थेनं विचारलेलं नाही. आपण विचारू.

मी त्याला ओट्यावर बसवलं आणि म्हटलं, "टेबल कसं?"

"ते टेबल."

"खुर्ची?"

"ती."

"पाट?"

"तो पाट."

"कुणी शिकवलं?"

तो गप्प. कुणीच शिकवलं नव्हतं. आजीचं ऐकून आलं होतं. जर्मनमध्ये हेच आहे : डेर, डी, दास. तो, ती, ते. चमचा तो, काटा ती, सुरी ते. इंग्रजी माणूस इथं डोकं धरतो, कारण निर्जीव वस्तूला लिंग कशाला, हेच त्याला पटत नाही. तमिळमध्येही टेबल-खुर्चीला असा भेद नाही. मराठी माणसाला मात्र कल्पना नवी नाही, फक्त यादी नवी आहे. जर्मनमध्ये 'मुलगी' हा शब्द नपुंसकलिंगी आहे, याची जगभर थट्टा होते. शब्दाला 'लहानपणाचा' प्रत्यय लागला की तो 'दास' होतो, एवढंच त्याचं कारण. आपण नाही का म्हणत, ते पोरगं, ते लेकरू, ते वासरू?

दुसरी गोष्ट वाक्याची. 'मला माहीत आहे की तो उद्या येतो.' यातला 'की'पासूनचा भाग जर्मनमध्ये असा : 'दास एअर मॉर्गन कॉम्ट.' दास म्हणजे की, एअर म्हणजे तो, मॉर्गन म्हणजे उद्या, कॉम्ट म्हणजे येतो. शब्दाखाली शब्द ठेवा, बसतो. पोटवाक्यात क्रियापद शेवटी जातं म्हणून इंग्रजी विद्यार्थी महिनोन्‌महिने अडखळतात. आपलं क्रियापद शेवटीच असतं.

तिसरी गोष्ट आकड्यांची. त्याचं वय एकवीस. मराठीत आधी एक, मग वीस. जर्मनमध्येही 'आइन-उंड-त्स्वान्त्सिश', एक आणि वीस. तमिळमध्ये उलट, वीस आधी आणि एक नंतर. व्हिएतनामीतही 'हाय मुओइ मोत', दोन दहा एक. म्हणजे या मुलाच्या डोक्यात दोन्ही घड्याळं लहानपणापासून चालू आहेत. घरात एकवीस, शाळेत वीस-एक.

मग जर्मनमध्ये अवघड काय? चार विभक्ती, आणि त्या शब्दापेक्षा 'डेर-डी-दास'वर जास्त दिसतात. क्रियापदाचे तुकडे होऊन एक तुकडा वाक्याच्या टोकाला जाऊन बसतो. आणि लांबलचक जोडशब्द. पण संस्कृत समासांची सवय असलेल्याला जोडशब्दाचं भय नको. मागून वाचायचं, अर्थ उलगडतो.

आता व्हिएतनामी. इथं पहिल्या दिवशी आनंदीआनंद. लिंग नाही, विभक्ती नाही, क्रियापद चालवणं नाही. 'आन' म्हणजे खाणे. मी आन, तू आन, ती आन. काल असेल तर आधी 'दा' लावा, उद्या असेल तर 'से'. 'आन कम' म्हणजे शब्दशः भात खाणे आणि अर्थ जेवणे. कावेरीकाठच्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

दुसरा आनंद नात्यांचा. व्हिएतनामीत 'मी' आणि 'तू' यांच्या जागी बहुतेक वेळा नाती येतात. समोरचा मोठ्या भावाच्या वयाचा असेल तर तो 'आन्ह' आणि तुम्ही स्वतः 'एम', म्हणजे धाकटा. समोरच्याचं वय कळल्याशिवाय वाक्यच सुरू होत नाही. गोरे लोक यानं हैराण होतात. आपल्याकडे अनोळखी बाईला ताई, मावशी, आजी म्हणताना आपण वयाचा अंदाज बांधतोच. आणि आई मुलाला म्हणतेच ना, "थांब, आई आत्ता येते हं"? स्वतःलाच आई म्हणते. व्हिएतनामी आई अगदी हेच करते, फक्त रोज आणि आयुष्यभर.

तिसरी गंमत 'आपण' आणि 'आम्ही'ची. 'आपण जाऊ' म्हटलं तर तुम्हीही आलात. 'आम्ही जातो' म्हटलं तर तुम्ही नाही. इंग्रजीत हा फरक नाही, जर्मनमध्येही नाही, तिथं सगळ्यांना एकच 'वीअर'. तमिळमध्ये आहे, 'नाम' आणि 'नांगळ'. व्हिएतनामीतही आहे, 'चुंग ता' आणि 'चुंग तोय'. जो भेद आत्याच्या घरात दोन भाषांत रोज पाळला जातो, तो या मुलाला तिसऱ्या भाषेत शिकवावा लागणार नाही.

आणि अवघड? सूर. उत्तरेकडच्या उच्चारात सहा. एकच 'मा' घ्या. सपाट म्हटलं तर भूत. चढत्या सुरात दक्षिणेकडे आई. उतरत्या सुरात 'पण'. खाली जाऊन वर आलं तर थडगं. मध्येच तुटून चढलं तर घोडा. आणि खाली दाबून थांबवलं तर भाताचं रोप. लिपी रोमन असल्यामुळे वाचता येतंय असं वाटतं, पण अक्षरांवरची-खालची खूण सुटली की रोपाचं भूत होतं. इथं मराठीही मदतीला येत नाही आणि तमिळही नाही. इथं सगळे सारखेच अडाणी. पहिले काही आठवडे पुस्तक मिटून फक्त कान उघडे ठेवायचे आणि कुणी हसलं तर हसू द्यायचं. रोड्सनं तेच केलं.

थोडक्यात, जर्मनचा चढ व्याकरणात आहे आणि तो लांबवर पसरलेला आहे. व्हिएतनामीचा चढ कानात आहे आणि तो अगदी दाराशीच आहे. मराठी घरातल्या मुलाला जर्मनचा चढ इंग्रजी मुलापेक्षा कमी वाटतो. व्हिएतनामीचा दाराशी असलेला चढ एकदा पार केला की पुढची वाट आपल्याला ओळखीची वाटते.

"मग मी काय घेऊ?" त्यानं पुन्हा विचारलं.

मी म्हटलं, "तुला कुठे राहायचंय ते आधी ठरव. भाषा नोकरीसाठी सुरू होते, पण टिकते ती माणसांमुळे. जर्मनीत काम हवं असेल तर परीक्षेच्या पायऱ्या ठरलेल्या आहेत, ए-१, ए-२, बी-१, बी-२. वेळ आणि पैसे दोन्ही लागतील, अर्ध्यात सोडू नकोस. आजीजवळ राहायचं असेल आणि तूत्तुकुडी चालणार असेल तर व्हिएतनामी बोलणारा माणूस गाठ आणि आधी सूर शिक. पण कुठलाही फॉर्म भरलास तरी हा रकाना अपुरा ठेवू नकोस. तू तिथं जे लिहिलं नाहीस, त्याच्याच जोरावर अर्धं व्याकरण तुला फुकट मिळणार आहे."

त्यानं फॉर्म उलटसुलट केला. मग म्हणाला, "पण मला वाचता येत नाही. बोलता येतं, एवढ्यानं भाषा येते म्हणायचं?"

या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं. तेवढ्यात आत्या बाहेर आली. हातात तिच्या वडिलांची, म्हणजे माझ्या आजोबांची, हिशेबाची वही. मोडीतली. ती मला देत म्हणाली, "तू एवढा शिकलेला. वाच."

मंडळी, मला वाचता आली नाही. आकडे ओळखले, दोन-चार अक्षरं लागली, बाकी सगळी रेघोटी. वीस वर्षं परभाषा शिकवणारा मी, आजोबांनी कुणाला किती भात दिला हे मला सांगता येईना. भाचा माझ्याकडे बघत होता. मग तो हळूच म्हणाला, "मामा, म्हणजे तुम्हीही रकान्यात मराठी लिहायची की नाही?"

आत्या हसायला लागली. मग आम्हीही.

त्यानं फॉर्मवर तिसरी भाषा लिहिली. तमिळ लिपीत 'मराठी' लिहिलं, कारण देवनागरी येत नव्हती. जर्मन की व्हिएतनामी ते अजून ठरलेलं नाही. पण त्या संध्याकाळी आत्यानं जुन्या पाटीवर त्याला 'अ' काढून दिला आणि मी त्या वहीच्या पानांचे फोटो घेऊन मोडीच्या वर्गाची चौकशी केली. एकवीस वर्षांचा मुलगा आणि पन्नाशीतला मामा, दोघंही बाळबोध इयत्तेत.

तुमच्या घरातही अशी एखादी वही असेल. नसली तर अशी एखादी आत्या असेल. नवी भाषा शिकायला जाण्याआधी तिच्यापाशी तासभर बसा. भेटू पुढच्या भागात. नमस्कार.